कुत्री आणि गवत एकाच ठरावात घ्या : माळरानालगतच्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मूर्तिजापूर आणि बार्शीटाकळी या तालुक्यांतील माळरानालगतच्या गावांचे सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसभेचे सर्व सदस्य यांस

विषय : १ मे रोजीच्या ग्रामसभेत ई-क्लास (गायरान) जमिनीवरील गवत आणि गावातील मोकळी फिरणारी कुत्री हे दोन्ही मिळून एकच विषय म्हणून चर्चेला घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी कारंजा तालुक्यातील एका लहान गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझे सहा एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन होते, आणि वावराच्या उत्तरेकडच्या धुऱ्यापासून (बांधापासून) गावाची ई-क्लास जमीन सुरू होते. मी वन्यजीवांचा अभ्यासक नाही. मात्र धुऱ्यावरून जे दिसत आले आणि निवृत्तीनंतर जे वाचनात आले, त्या दोहोंची सांगड घालताना मला असे जाणवले की आपण सर्व ग्रामसभांमध्ये एक चूक वर्षानुवर्षे करत आहोत, आणि ती दुरुस्त करणे आपल्याच हातात आहे. म्हणून हे पत्र वनविभागाला किंवा मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये चार दिवसांची झड लागली होती. पाण्याने धुरा फुटला की काय ते पाहायला मी सकाळी वावरात गेलो, तेव्हा ई-क्लासच्या उतारावरून एक हरिणी खाली येताना दिसली आणि तिच्यामागे चार कुत्री होती. कोरड्या, कडक जमिनीवर हरणाला गाठणे कुत्र्याच्या बापाला जमत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण भिजलेल्या काळ्या मातीत गोष्ट उलटते. हरणाचा खूर बारीक आणि टोकदार असल्यामुळे तो मातीत रुततो, त्याला चिखलाचे गोळे चिकटतात आणि दर उडीला पाय जड होत जातो, तर कुत्र्याचा पंजा पसरट असल्याने ते त्याच चिखलावरून फारसे न रुतता धावत सुटते. हरिणी कशीबशी नाल्यापलीकडे गेली. कुत्री मात्र मागे वळली, कारण उतारावर तिचे पाडस होते. मी काठी घेऊन पोहोचेपर्यंत सर्व संपले होते.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी मला तेव्हापासून सोडत नाहीत. पाडस ज्या ठिकाणी दबून बसले होते तो वृक्षलागवडीसाठी खोदलेला, रोप न लावता तसाच राहिलेला एक खड्डा होता. त्या उतारावरचे गवत मे महिन्यात जेसीबीने खरडून काढले होते आणि लपायला दुसरी जागा उरली नव्हती. आणि चार कुत्र्यांपैकी पांढऱ्या शेपटीचे कुत्रे माझ्याच अंगणात भाकरीचे तुकडे खाऊन मोठे झाले होते. दुसऱ्या दिवशी रीतसर पंचनामा झाला, त्यात ‘कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू’ असे लिहिले गेले, आणि ते खरेच होते. खड्ड्याचा उल्लेख त्यात आला नाही. तशा उल्लेखासाठी पंचनाम्यात रकाना नसतो, आणि कुत्रे कोणाचे यासाठीही नसतो.

आपल्या ग्रामसभेतही तसा रकाना नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. कुत्र्यांचा विषय निघतो तो कोणाला चावले म्हणून आणि आरोग्याच्या खाली. ई-क्लासचा विषय निघतो तो वृक्षलागवड, अतिक्रमण किंवा गवताचा हर्रास (लिलाव) या खाली. दोन विषय, दोन कागद, दोन वेगवेगळी खाती. माळावरच्या प्राण्याच्या दृष्टीने मात्र हा एकच प्रश्न आहे, कारण शिकारी किती आहेत यापेक्षा त्यांच्यापासून लपायला किंवा पळायला जागा किती आहे यावर जगणे-मरणे ठरते.

हे केवळ माझे धुऱ्यावरचे अनुमान नाही. या प्रश्नाचा सर्वांत कडू धडा ऑस्ट्रेलियाने घेतला आहे, आणि तो देश आपल्यापासून कितीही दूर असला तरी कमी पावसाच्या, गवत-झुडपांच्या प्रदेशात बाहेरून आलेला शिकारी काय करू शकतो हे समजून घ्यायला त्याच्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. तेथे १७८८ साली युरोपीय वसाहत सुरू झाली आणि वसाहतकऱ्यांबरोबर घरगुती मांजर आले. पुढे १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीच्या हौसेसाठी ससे सोडले गेले आणि १८७०च्या दशकात त्याच हौसेपायी युरोपातला तांबडा कोल्हा सोडला गेला. ससे वाढले, त्यांनी आणि मेंढ्यांनी कोरड्या प्रदेशातले गवत-झुडूप खाऊन जमीन उघडी केली; सशांवर पोसलेले कोल्हे आणि मांजरे त्या उघड्या जमिनीवर मूळच्या लहान प्राण्यांवर तुटून पडले. वसाहतीनंतरच्या काळात त्या खंडातील ३० हून अधिक सस्तन प्राण्यांच्या जाती कायमच्या नष्ट झाल्या. बेटाँग नावाचा बिळात राहणारा एक लहान प्राणी मुख्य भूमीवरून पुसला गेला आणि केवळ पश्चिम किनाऱ्याजवळच्या काही बेटांवर उरला, जिथे कोल्हा पोहोचला नव्हता.

तेथील संशोधकांनी १९८९ साली एक गोष्ट दाखवून दिली. नष्ट झालेल्या आणि घटलेल्या बहुतेक प्राण्यांचे वजन ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो यांच्या दरम्यान होते, म्हणजे कोल्ह्याच्या किंवा मांजराच्या तोंडात मावेल इतके. आणि घट सर्वांत जास्त कोरड्या प्रदेशांत झाली होती, जिथे मुळातच चारा आणि आडोसा कमी असतो. ही आकडेवारी त्या खंडाची आहे, ती इकडे जशीच्या तशी लागू करणे चुकीचे ठरेल. तरीही आपल्या माळावरचा ससा, खोकड, मुंगूस आणि नुकतेच जन्मलेले हरणाचे पाडस हे सर्व साधारण त्याच वजनाचे आहेत, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो वायव्य ऑस्ट्रेलियातील किंबर्ली प्रदेशातला एक प्रयोग, कारण तो नेमका आपल्या प्रश्नाला हात घालतो. तेथे जंगली झालेल्या मांजरांच्या गळ्यात लहान कॅमेरे बांधून त्यांच्या शिकारीचे चित्रण करण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दाट गवतात किंवा खडकाळ जागी मांजराचा शिकारीचा प्रयत्न १०० पैकी सुमारे १७ वेळा यशस्वी झाला, तर उघड्या जागी सुमारे ७० वेळा. मांजर तेच, भूकही तीच, फरक फक्त गवताचा होता. वणव्याने किंवा चराईने गवत गेले की त्याच शिकाऱ्याचे बळ चौपटीने वाढते, आणि शिकाऱ्यांची संख्या एकाने न वाढताही शिकार होणाऱ्या प्राण्यांवर चार पट शिकारी सोडल्यासारखा परिणाम होतो. गणित शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला हा हिशेब कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटला.

आता आपल्याकडे पाहू. कुत्रा आपल्याकडे मांजर-कोल्ह्यासारखा परवा-तेरवा जहाजातून उतरलेला नाही. तो हजारो वर्षे माणसाबरोबर आहे, त्यामुळे त्याला ‘परका’ म्हणताना जीभ अडखळते. पण माळरानाच्या बाजूने विचार केला तर तो माणसाने आणलेला आणि माणसाने पोसलेला शिकारीच आहे. रानातल्या लांडग्याची संख्या रानातल्या भक्ष्यावर ठरते. भक्ष्य कमी झाले की लांडगे कमी होतात. कुत्र्याला हा लगाम नाही. त्याचे पोट उकिरड्यावर, मेलेल्या ढोरांवर आणि आपल्या अंगणात भरते, आणि शिकार ही त्याची वरकमाई असते. म्हणून माळावर शेवटचा ससा उरला तरी कुत्र्यांची संख्या घटत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातील मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख नोंदली गेली. ‘मोकाट’ या शब्दाने आपण स्वतःची सोयीस्कर सुटका करून घेतो असे मला वाटते, कारण खेड्यात ज्याला आपण मोकाट म्हणतो त्याला कोणाच्या तरी घरची भाकर ठाऊक असते. पांढऱ्या शेपटीच्या कुत्र्याला कोणी विचारले असते तर मीही ‘मोकाट आहे’ असेच सांगितले असते.

भारतातील वन्यप्राण्यांवर होणाऱ्या कुत्र्यांच्या हल्ल्यांचा एक आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याच्या नोंदी मिळाल्या, आणि त्यांपैकी ३१ जाती जगाच्या पातळीवर धोक्यात असलेल्यांच्या यादीतील होत्या. आपल्याच राज्यात, सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळरानावर खोकड आणि कुत्रा यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. आपल्याकडे काही जण खोकडाला लोमडी म्हणतात. उंदीर, किडे, बोरे खाणारा हा दोन-तीन किलोचा प्राणी शेतकऱ्याचे नुकसान जवळजवळ करत नाही. त्या अभ्यासातून असे दिसले की कुत्रा आणि खोकड यांचे अन्न बरेच वेगळे आहे, म्हणजे कुत्रा खोकडाचा घास हिरावतो असे नाही. पण कुत्रा आसपास असला की खोकड समोर ठेवलेले अन्नसुद्धा कमी खाते आणि कुत्र्यांचा वावर असलेली जागा टाळते. मारले नाही तरी भीतीने उपाशी ठेवणे हाही शिकाऱ्याचा परिणामच असतो. जिथे माळ मोठा आहे तिथे खोकड दुसरीकडे जाईल. जिथे माळाचे चार एकरांचे तुकडे उरले आहेत तिथे ते कुठे जाणार?

रोगांचा भाग आणखी गंभीर आहे, तरी थोडक्यात लिहितो. लसीकरण न झालेल्या कुत्र्यांकडून रेबीजबरोबरच कॅनाइन डिस्टेंपर नावाचा विषाणू खोकड, कोल्हा, लांडगा यांच्यात पसरू शकतो. गुजरातमधील गीरमध्ये २०१८ साली महिन्याभराच्या आत २३ सिंह दगावले आणि त्या साथीत हाच विषाणू सापडला होता. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. लांडग्याला दातांनी मारता आले नाही तरी असेही संपवता येते.

कुत्र्यांना हे बळ कुठून मिळाले हे सांगताना गिधाडांची आठवण काढावी लागते. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकले की दुपारपर्यंत आकाशात घिरट्या सुरू होत आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा उरे. ढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे, ते पोटात गेलेले मृत ढोर खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत गेली. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, आणि जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी येईपर्यंत उशीर झाला होता. गिधाडे गेली, ढोरे मात्र मरायची थांबली नाहीत. ज्या जागेवर पूर्वी गिधाडे उतरत, ती मेलेली ढोरे टाकायची जागा आज कुत्र्यांची झाली आहे, आणि बहुतेक गावांत ती नेमकी ई-क्लासच्या कडेला, म्हणजे हरणांच्या दारात आहे. आपण शिकारी तिथेच पोसतो जिथे शिकार राहते.

गवताकडे वळतो, कारण कुत्र्यांबद्दल बोलायला सर्व तयार असतात, गवताबद्दल कोणी नसतो. सरकारी कागदावर माळरान ‘पडीक’ या सदरात जाते आणि पडीक शब्द एकदा चिकटला की त्या जमिनीचे काहीतरी ‘करून दाखवणे’ भाग पडते. २०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. एकट्या २०१९ सालचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. डोंगरउतारावर, गावठाणात, रस्त्याकडेला झाडे लावण्याला कोणाचा विरोध असेल? पण पवन्या, मारवेल आणि कुसळीच्या चांगल्या कुरणात ओळीने खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणे म्हणजे उभे घर पाडून त्या जागी मांडव घालण्यासारखे आहे. रोपे उन्हाळ्यात वाळतात, खड्डे राहतात, उकरलेल्या मातीवर गाजरगवत आणि तरोटा येतो, आणि जे गवत पाडसाला दोन आठवडे लपवत होते ते परत यायला अनेक पावसाळे लागतात.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, नाहीतर माझे म्हणणे ‘जितकी दाटी तितके चांगले’ असे समजले जाईल. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी आहे. त्याला लांबवर नजर जायला हवी आणि धावायला मोकळी वाट हवी. दाट झुडपात त्याची दोन्ही शस्त्रे निकामी होतात. भावनगरजवळच्या वेळावदर येथील काळवीट राष्ट्रीय उद्यानात गांडा बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, गवतावर पसरली आणि ती काढणे हे तेथील व्यवस्थापनाचे कायमचे काम होऊन बसले. पण तीच हरिणी पाडस जन्मल्यावर पहिले काही दिवस त्याला गवतात लपवून स्वतः दूर चरते, कारण त्या दिवसांत पळणे हा पाडसाचा बचाव नसतो, निश्चल पडून राहणे हाच असतो. म्हणजे एकाच प्राण्याला कुठे आखूड गवत लागते, कुठे गुडघाभर, आणि ही दोन्ही एकमेकांजवळ लागतात. जुन्या ढोरकी माणसांच्या चराईत ही विविधता आपोआप राहत असे. सबंध माळ एकाच दिवशी जेसीबीने खरडला किंवा उन्हाळ्यात कोवळ्या पाल्याच्या आशेने पेटवून दिला, की ती राहत नाही.

आपल्या भागात सन २००० मध्ये घोषित झालेले कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याचे क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर आहे. काळवीट तेवढ्यात मावत नाही. ते आपल्या तुरीत, हरभऱ्यात आणि ई-क्लासवर फिरते, आणि त्या फिरण्याच्या वाटा दरवर्षी तारकुंपणांनी आणि रस्त्यांनी अधिकाधिक तुटत आहेत. समृद्धी महामार्ग या भागातून जातो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी मार्ग ठेवले आहेत हे मान्य, पण मार्गाच्या दोन्ही टोकांना गवत असेल तरच त्या मार्गाला अर्थ आहे, आणि ते गवत ग्रामपंचायतींच्या ताब्यात आहे.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात आलेला आक्षेप मीच मांडतो. ‘हरणे आणि रोही (नीलगायी) आमचे पीक खातात, रानडुकरे रात्रीतून वावर उलथून टाकतात, जागल करून आमच्या डोळ्यांना झोप नाही, आणि तुम्ही कुत्री आवरायला सांगता?’ या प्रश्नातला राग मला परका नाही. गेल्या हंगामात माझी अर्धा एकर तूर रोह्यांनी खाल्ली. पीकनुकसानीची सरकारी भरपाई असते, ती पुरेशी आहे किंवा वेळेवर मिळते असे मी म्हणणार नाही. परंतु आपण अनुभवाने सांगावे : कुत्र्यांमुळे रानडुकरांचा किंवा रोह्यांचा त्रास खरोखर कमी झाला आहे काय? ज्या जनावराला कुत्री मारू शकतात ते पीक फारसे खात नाही, आणि जे पीक खाते त्याच्या वाटेला कुत्री जात नाहीत. ससा, पाडस, खोकड मरतात. त्यातले खोकड तर उलट वावरातले उंदीर खाते. आणि कुत्र्यांच्या टोळीने फाडलेल्या शेळ्यांचा हिशेब मांडला तर ज्यांच्याकडे दोन-चार शेळ्यांशिवाय काही नाही अशा घरांचेच नुकसान सर्वांत जास्त निघेल. वावर राखायला कुत्रे हवे हे मला मान्य आहे. ते वावरात बांधलेले असावे, भुंकून उठवणारे असावे, चौघांच्या टोळीत रात्रभर माळावर फिरणारे नसावे.

दुसरा एक मार्ग काही गावांत गुपचूप वापरला जातो, त्याबद्दल स्पष्टच लिहितो. थिमेट हे कीटकनाशक लावलेले मांस टाकून कुत्री मारणे हा कायद्याने गुन्हा तर आहेच, पण ते मांस कोण खाईल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. खोकड, कोल्हा, लांडगा, मुंगूस, घारी आणि कोणाची तरी बांधलेली नसलेली पाळीव कुत्रीही त्यात जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोल्ह्यांसाठी विषाची आमिषे वापरतात, हे उदाहरण मला एका तरुण सदस्याने सांगितले होते. तेथे ते चालते याचे कारण वेगळे आहे : त्या विषाचा मूळ घटक तेथल्या काही रानझुडपांतच असतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ती झुडपे खात आलेल्या स्थानिक प्राण्यांना ते बरेच सहन होते आणि बाहेरून आलेल्या कोल्ह्याला होत नाही. आपल्याकडे असे कोणतेही विष नाही. त्याच देशात रॉक्सबी डाउन्स गावाजवळ १९९७ सालापासून एका मोठ्या क्षेत्राला कुंपण घालून आतले कोल्हे, मांजरे आणि ससे काढून टाकण्यात आले. काही वर्षांत आतील मूळच्या उंदरांची संख्या बाहेरच्या १५ पट झाली. असे कुंपण आपल्या ऐपतीत नाही आणि आपल्या माळावर माणसे आणि ढोरे राहतात म्हणून ते योग्यही नाही. त्यातून घेण्यासारखे एवढेच, की त्यांनी केवळ शिकारी काढले नाहीत, जमीन उघडी करणारे ससेही काढले. दोन्ही कामे एकाच वेळी केली.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत एकच ठराव घ्यावा आणि त्यात पुढील गोष्टी याव्यात, अशी माझी विनंती आहे. ई-क्लासवर जिथे आजही चांगले गवत आहे तिथे यंदा खड्डे खणू नयेत. लागवडीचे उद्दिष्ट गावठाण, पांदण आणि नाल्याच्या काठी पूर्ण करावे, आणि मजुरांची मजुरी बुडू नये म्हणून त्याच दिवसांचे काम वेडी बाभूळ आणि गाजरगवत उपटण्यासाठी मागावे. गवताचा हर्रास करताना सबंध क्षेत्र एकदम न देता, बी पडल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, पट्ट्यांनी कापण्याची अट घालावी आणि साधारण एक तृतीयांश पट्टा दरवर्षी आळीपाळीने उभा ठेवावा. त्यामुळे हर्रासाची रक्कम थोडी कमी येईल हे मान्य करूनच मी हे लिहीत आहे. मेलेली ढोरे पुरण्यासाठी माळापासून दूर, पाण्याच्या स्रोतापासूनही दूर एक जागा ठरवावी आणि खड्डा खणण्याचा खर्च पंचायतीने उचलावा, कारण ज्याचा एकुलता एक बैल मेला आहे त्याच्यावर तो टाकणे अन्यायाचे होईल.

कुत्र्यांच्या बाबतीत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि नसबंदी झालेले कुत्रे पकडले त्याच जागी सोडावे लागते. शहरासाठी हे पुरेसे असेल. माळाच्या कडेला ते अपुरे आहे, कारण नसबंदी झालेले कुत्रेही शिकार करते. पण म्हणून ते सोडून द्यावे असे नाही. एका गावाला पथक बोलावणे परवडत नाही, तेव्हा पाच-सहा गावांनी मिळून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे एकत्र मागणी करावी. त्याचबरोबर ज्यांच्या घरी कुत्रे खाते त्यांची नावे ग्रामपंचायतीने लिहून घ्यावीत, आणि जून ते सप्टेंबर या चिखलाच्या महिन्यांत ती कुत्री रात्री बांधली जातील असे त्या घरांकडून कबूल करून घ्यावे. पहिले नाव माझे लिहावे. पांढऱ्या शेपटीचे कुत्रे आता बांधलेले असते. पहिला आठवडाभर ते रात्री रडले आणि शेजाऱ्यांनी मला बोल लावले, नंतर ते सवयीचे झाले.

गवताची पारख असलेली माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडले, त्या फासेपारधी समाजाच्या अकोला-वाशीम भागातील काही वस्त्यांनी सामूहिकपणे कुरणे राखण्याचे काम केले आहे. कोणत्या गवताखाली तणमोर हा माळावरचा पक्षी अंडी घालतो, हरिणी पाडस कोणत्या बाजूच्या उतारावर ठेवते, हे त्यांच्या जुन्या माणसांइतके कोणाला ठाऊक नाही. ई-क्लासची पाहणी करताना त्यांच्यापैकी कोणाला सोबत घेतले आणि त्या दिवसाची मजुरी दिली, तर पट्टे कुठे ठेवायचे हा वाद ग्रामसभेत होणार नाही. गायरान ही गावाची सामूहिक संपत्ती आहे आणि तिच्यावरची अतिक्रमणे दूर केली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात सांगितले आहे; त्या संपत्तीचे रक्षण करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, आणि तिच्यात काय उगवावे हे ठरवण्याचाही.

माझ्या गावच्या सरपंचांसाठी एक वेगळी विनंती. खड्ड्यांची आखणी करायला मजूर पुढच्या आठवड्यात येणार असल्याचे कळले. माझ्या उत्तरेच्या धुऱ्यापासून वर सुमारे शंभर पावलांवर, हिवराच्या दोन झाडांच्या मध्ये, खोकडाचे बीळ आहे आणि आत पिले आहेत. संध्याकाळी ती तोंडाशी येऊन बसतात. चुना टाकताना तेवढी जागा वगळावी आणि जेसीबी त्या बाजूने नेऊ नये. जागा दाखवायला मी कोणत्याही दिवशी सकाळी सहानंतर वावरातच असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व कोरडवाहू शेतकरी
तालुका कारंजा, जिल्हा वाशीम